प्युरिटन पाळक आणि चर्चची शिस्त: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या प्युरिटन पाळकांचा विषय निघाला की मला तेच तेच प्रश्न येतात, कोणी परीक्षेसाठी विचारतं, कोणी सहज कुतूहल म्हणून. म्हणून सगळे एका जागी घेतलेत. सोपे आधी, अवघड नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. प्युरिटन म्हणजे चर्च सोडून गेलेले लोक ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. बहुतेक प्युरिटन पाळक हे चर्च ऑफ इंग्लंडचेच, म्हणजे देशाच्या सरकारमान्य चर्चचेच नेमलेले पाळक होते, दर रविवारी त्याच चर्चमध्ये उभे राहणारे. त्यांचं म्हणणं एवढंच की रोमच्या पोपशी संबंध तोडला खरा, पण सुधारणा अर्ध्यावर सोडली, जुन्या कॅथलिक पद्धती अजून शिल्लक आहेत त्या काढा. 'प्युरिटन' हे नाव त्यांनी स्वतः घेतलेलं नाही, विरोधकांनी चिडवायला दिलेलं. चर्च सोडून वेगळ्या मंडळ्या काढणारे सेपरेटिस्ट वेगळे आणि संख्येनं फार थोडे. त्यांच्यातल्या हेन्री बॅरो आणि जॉन ग्रीनवुड यांना १५९३ मध्ये फाशी झाली. इथे आपण बोलतोय ते आत राहून न ऐकणाऱ्यांबद्दल.

२. भांडण नेमकं कशावरून होतं?

एलिझाबेथ राणीच्या काळातल्या १५५९ च्या युनिफॉर्मिटी कायद्याने सगळ्या देशात एकच प्रार्थनापुस्तक सक्तीचं झालं, उपासना त्यात लिहिल्याप्रमाणेच व्हायची. प्युरिटनांना त्यातल्या ठरावीक गोष्टी खुपायच्या: पाळकाने उपासनेच्या वेळी सरप्लिस नावाचा पांढरा झगा घालणं, बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण करणं, प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, गुडघे टेकून घेणं, लग्नात अंगठी. पुढे येशूचं नाव आलं की मान लववणं पण त्यात आलं.

३. एका झग्यासाठी नोकरी घालवायची म्हणजे जरा अतीच नाही का?

हा प्रश्न मला आवडतो कारण तेव्हाच्या बिशपांनीही, म्हणजे एकेका प्रदेशातल्या चर्चच्या प्रमुखांनीही, अगदी हाच विचारला होता. त्यांचं म्हणणं, झगा घातला काय नि नाही घातला काय, तारणाशी त्याचा संबंध नाही, मग राणीने सांगितलंय तर घाला की. प्युरिटनांचं उत्तर नेमकं उलट्या बाजूने यायचं, की जर ती गोष्ट बिनमहत्त्वाची आहे तर सक्ती कशाला करता, आणि ज्या झग्यात काल मिसा, म्हणजे कॅथलिक उपासना, म्हटला जायचा तोच आज आम्ही घातला तर साध्या भाविकाला वाटणार की काहीच बदललं नाही. आपल्याकडे कोणाच्या गळ्यात कुठली माळ आणि कपाळावर कुठला टिळा यावरून माणूस कोणत्या पंथाचा हे गावाला कळतं, त्यामुळे कपड्याचं महत्त्व मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायची गरज नसावी.

मार्च १५६६ मध्ये लंडनच्या पाळकांना लॅम्बेथला, म्हणजे चर्चचा प्रमुख असलेल्या आर्चबिशपच्या वाड्यावर, बोलावलं. समोर रॉबर्ट कोल नावाचा एक पाळक पूर्ण नियमाप्रमाणे कपडे घालून उभा केला होता, नमुना म्हणून, आणि सांगितलं की असं घालणार का, एका शब्दात लिहून द्या, वाद घालायचा नाही. ६१ जणांनी हो लिहिलं, ३७ जणांनी नाही. त्या ३७ जणांना जागच्या जागी निलंबित केलं, उत्पन्न रोखलं, आणि ऐन ईस्टरच्या तोंडावर लंडनमधल्या काही चर्चमध्ये उपासनेला पाळकच उरला नाही. यातले पुष्कळ जण शिकलेले, लोकांना उपदेश करू शकणारे, म्हणजे त्या काळी ज्यांची सगळ्यात जास्त टंचाई होती असेच पाळक, आणि त्यांनाच घरी बसवलं. माझं मत विचाराल तर चर्चने स्वतःच्या पायावर मारलेला हा पहिला धोंडा.

४. पाळक गावात काय करतो हे बिशपला कळायचं कसं?

गावकऱ्यांकडूनच. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, दरवर्षी ईस्टरला चर्चवॉर्डन निवडले जायचे, साधारण दोन. कोणी शेतकरी, कोणी कातडीवाला, गावातलेच प्रतिष्ठित. चर्चचं छप्पर गळतंय का, हिशोब, बाकडी हे सगळं त्यांच्याकडे, आणि त्याच्याच जोडीला हे की आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा अधिकारी) किंवा बिशप तपासणीला येणार असेल तेव्हा छापील प्रश्नावलीची उत्तरं शपथेवर द्यायची. तुमचा पाळक सरप्लिस घालतो का? क्रूसाची खूण करतो का? गुडघे न टेकणाऱ्याला प्रभुभोजन देतो का? गावात व्यभिचार, दारू, रविवारी काम कोण करतं? सगळं एकाच कागदात.

आता विचार करा, ज्या पाळकाने तुमच्या मुलाचा बाप्तिस्मा केला, तुमची आई गेली तेव्हा उशाशी बसला, त्याच्याविरुद्ध लिहून द्यायचं. कित्येक वॉर्डन मूग गिळून बसायचे आणि उत्तरात फक्त 'ऑम्निया बेने' लिहायचे, म्हणजे सगळं ठीक. किंवा लिहायचे की आमच्याकडे सरप्लिसच नाही, फाटलाय, आणि तो पॅरिशच्याच खर्चाने घ्यायचा असल्यामुळे ठपका पाळकाऐवजी वॉर्डनवर यायचा आणि ते तो घ्यायचे. त्यामुळे जुन्या दप्तरात एखाद्या गावाविरुद्ध वर्षानुवर्षं काहीच नसेल तर तिथे सगळं नियमाने चालत होतं असं कृपा करून समजू नका. आणि याच्या उलटही व्हायचं, पाळकाने प्रवचनात दारूवरून झापलेला माणूस पुढच्या वर्षी वॉर्डन झाला की पहिली तक्रार सरप्लिसची.

५. तक्रार झाली की पुढे काय? कोर्ट कुठलं?

चर्चची स्वतःची कोर्टं होती, राजाच्या कोर्टांपेक्षा वेगळी. खाली आर्चडीकनचं कोर्ट, वर बिशपचं कन्सिस्टरी कोर्ट. ॲपॅरिटर नावाचा शिपाई समन्स घेऊन यायचा, पाळकाने ठरलेल्या दिवशी हजर व्हायचं, आणि प्रत्येक पायरीवर फी भरायची, समन्सची, हजेरीची, सुटल्याच्या दाखल्याची. लहान गावच्या व्हिकारला, म्हणजे पॅरिशच्या पाळकाला, शिक्षेपेक्षा हेलपाटे आणि फीच जास्त नडायच्या. हजर नाही झाला तर अवज्ञेबद्दल बहिष्कार, आणि बहिष्कृत माणूस ४० दिवसांत नमला नाही तर शेरीफला त्याला पकडायचा हुकूम निघू शकायचा.

सगळ्यात वर हाय कमिशन. ते राजसत्तेच्या अधिकाराने चालायचं, दंड करू शकायचं, तुरुंगात टाकू शकायचं, आणि कोणत्याही बिशपच्या हद्दीत हात घालू शकायचं. प्युरिटनांना खरी धास्ती याची.

६. शिक्षा काय काय होत्या?

कायद्यात वाचाल तर भयंकर. १५५९ च्या कायद्याप्रमाणे नेमणूक असलेल्या पाळकाने प्रार्थनापुस्तक मोडलं तर पहिल्या वेळी एक वर्षाचं उत्पन्न जप्त आणि सहा महिने कैद, दुसऱ्यांदा एक वर्ष कैद आणि पद गेलं, तिसऱ्यांदा जन्मठेप. व्यवहारात मात्र चर्चची आपली शिडी चालायची: आधी समज, मग निलंबन, शेवटी पदच्युती. निलंबन म्हणजे काम बंद पण जागा त्याचीच, पदच्युती म्हणजे जागा, घर, दशांश (चर्चला मिळणारा पिकाचा दहावा हिस्सा) सगळं गेलं. १६०४ च्या १४१ नियमांमध्ये, ज्यांना कॅनन म्हणतात, अडतिसावा नियम असा की सही करून (कशावर ते ८ मध्ये) नंतर विधी टाळणाऱ्याला निलंबित करा, महिनाभरात नमला नाही तर बहिष्कृत करा, अजून एक महिन्याने पाळकपदच काढून घ्या. पण १२२ व्या नियमाने हेही ठरवलं होतं की पदच्युतीचा निकाल बिशपनेच द्यायचा, त्याच्या वकील-अधिकाऱ्याने परस्पर नाही. शेवटच्या पायरीपर्यंत फार थोडे पोचले, आकडे ९ मध्ये.

७. 'एक्स ऑफिशिओ' शपथ काय प्रकार होता? सगळे तिच्यावर एवढे का चिडलेत?

हाय कमिशनसमोर गेलात की आधी शपथ घ्यायची की विचाराल त्याची खरी उत्तरं देईन. आरोप काय, तक्रार कोणाची, हे शपथ घेईपर्यंत सांगायचं नाही. मग प्रश्न सुरू. खरं बोललात तर स्वतःच्याच तोंडाने अडकलात, शपथ नाकारली तर नाकारली म्हणून कैद. आणि प्युरिटन पाळक शपथेवर खोटं बोलणं म्हणजे महापाप मानणारा, त्यामुळे त्याची सुटकाच नाही. १५८४ मध्ये आर्चबिशप जॉन व्हिटगिफ्टने २४ प्रश्नांची यादी काढली तेव्हा खुद्द लॉर्ड बर्ली, राणीचा सगळ्यात जवळचा मंत्री, त्याने पत्र लिहून कळवलं की स्पेनच्या इन्क्विझिशनवालेही, म्हणजे धर्मद्रोही हुडकणाऱ्या कोर्टाचे लोकही, सावज पकडायला इतके प्रश्न वापरत नसतील. प्युरिटन नसलेल्या माणसाने हे लिहिलंय, हे लक्षात घ्या. १६४१ मध्ये हाय कमिशन आणि ही शपथ दोन्ही पार्लमेंटने कायद्याने मोडीत काढलं.

८. 'सही कर' म्हणायचे ती सही कशावर?

व्हिटगिफ्टने १५८३ मध्ये आर्चबिशप झाल्या झाल्या तीन कलमं पुढे केली. पहिलं, चर्चवर राणीची सत्ता आहे, ते प्युरिटन आनंदाने मान्य करायचे. तिसरं, चर्च ऑफ इंग्लंडचे ३९ सिद्धांत देवाच्या वचनाला धरून आहेत, त्यालाही बहुतेकांची फार हरकत नव्हती. सगळं अडलं ते दुसऱ्यावर, की प्रार्थनापुस्तकात देवाच्या वचनाविरुद्ध काहीच नाही. ज्याने आयुष्यभर उलट सांगितलं त्याने यावर सही कशी करायची? तीनशेच्या वर पाळकांनी नकार दिला आणि निलंबनं सुरू झाली. मग केंटचे जमीनदार थेट लॅम्बेथला जाऊन भांडले, मंत्र्यांनी दबाव आणला, आणि शेवटी बऱ्याच जणांना आपापल्या अटी घालून सही करू दिली. शेवटपर्यंत अडून पद घालवलेले मोजकेच.

१६०४ च्या छत्तिसाव्या कॅननने तीच तीन कलमं पुन्हा आणली, वर लिहायला लावलं की मी हे मनापासून आणि राजीखुशीने करतो. अटी घालायची पळवाट त्याने बंद झाली.

९. १६०४ नंतर ३०० पाळकांना काढलं असं वाचलंय. खरं का?

३०० हा तेव्हाच्या प्युरिटनांचा आकडा. दप्तरं तपासून इतिहासकार साधारण ८० च्या आसपास येतात. मागचं थोडं सांगतो. जेम्स राजा १६०३ मध्ये आला तेव्हा त्याच्यापुढे मिलेनरी पिटिशन ठेवलं, हजार पाळकांच्या नावाने म्हणून ते नाव, जानेवारी १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टला चर्चा झाली, पण पदरात फारसं काही पडलं नाही आणि राजाने दम दिला की वाकले नाहीत तर देशातून हाकलीन. त्या वर्षाच्या शेवटी रिचर्ड बॅनक्रॉफ्ट आर्चबिशप झाला आणि काम सुरू झालं. पण त्यानेही फरक केला, की जो विधी पाळतो फक्त सहीला कचरतो त्याला मुदत द्या, जो दोन्हीला नाही म्हणतो त्याला काढा. त्यामुळे ८० हा आकडा लहान दिसला तरी ते सगळे अगदी ठाम माणसं होती. आणि निलंबित झालेले, धाक बसून गप्प झालेले या आकड्यात येतच नाहीत, त्यामुळे '८०च की' असं म्हणून सोडून देणंही मला पटत नाही.

१०. काढून टाकल्यावर पोट कसं भरायचे?

इथे खरी गंमत आहे, कारण काढलेला पाळक बऱ्याचदा गावातून हलायचाच नाही. इंग्लंडमध्ये पॅरिशचा पाळक कोण हे ठरवायचा हक्क पुष्कळ ठिकाणी जमीनदाराकडे असायचा, आणि जमीनदार प्युरिटन असला तर तो घरचा धर्मगुरू म्हणून ठेवून घ्यायचा. ॲशबी-द-ला-झूशचा आर्थर हिल्डरशॅम १६०५ मध्ये पदच्युत झाला, हंटिंग्डनच्या अर्लचा त्याला आधार, पुढेही त्याच गावात उपदेश करत राहिला, मध्येच बंदी यायची, उठायची, पुन्हा यायची, असं १६३२ ला मरेपर्यंत. हॅनवेलचा जॉन डॉड असाच जागा घालवून शेवटी फॉस्लीला नाइटली घराण्याच्या आश्रयाला गेला आणि तिथेच १६४५ मध्ये वारला.

दुसरी वाट लेक्चररशिप. नगरपालिका किंवा गावकरी वर्गणी काढून फक्त प्रवचनं द्यायला एक माणूस नेमायचे. बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही, म्हणजे झगा आणि क्रूसाचा प्रश्नच नाही. एसेक्समध्ये मॉल्डनच्या जॉर्ज गिफर्डची व्हिकारची जागा १५८४ मध्ये गेली आणि तो त्याच गावात लेक्चरर झाला. सरकारच्या हे लक्षात यायला वेळ लागला, १६२९ मध्ये हुकूम निघाला की लेक्चररने आधी सरप्लिस घालून प्रार्थनापुस्तकाची उपासना करायची आणि मगच बोलायचं.

११. गावकरी नेहमी पाळकाच्याच बाजूचे असायचे का?

अजिबात नाही. प्युरिटन पाळक म्हणजे नाच नको, रविवारी खेळ नको, दारूचं दुकान बंद करा असं सांगणारा माणूस, तो सगळ्यांना कसा आवडेल! शिवाय पुष्कळ साध्या लोकांना प्रार्थनापुस्तकच प्रिय होतं, त्यांना आपल्या बाळाच्या कपाळावर क्रूस हवा असायचा आणि पाळक नाही म्हणाला की ते शेजारच्या पॅरिशमध्ये बाळ घेऊन जायचे. आणि प्युरिटन वळणाचे लोक चांगल्या प्रवचनासाठी मैलोनमैल चालत तिसऱ्याच गावी जायचे. त्यांच्यावर त्याबद्दल केसही व्हायची, कारण आपापल्या पॅरिशमध्येच जायचं हा नियम होता.

१२. चर्चच्या निकालाविरुद्ध राजाच्या साध्या कोर्टात जाता यायचं का?

जायचे, पण रॉबर्ट कॉड्रीची केस बघा. रटलंडमधल्या साउथ लफनमचा हा रेक्टर, म्हणजे पॅरिशचा मुख्य पाळक. प्रवचनात प्रार्थनापुस्तकाविरुद्ध बोलला म्हणून हाय कमिशनने त्याला पदच्युत केलं. त्याच्या बाजूने मुद्दा साधा सरळ होता: कायद्यात लिहिलंय की पद दुसऱ्या गुन्ह्याला जातं, माझा तर पहिलाच (६ बघा). १५९१ मध्ये क्वीन्स बेंच या राणीच्या कोर्टाने उत्तर दिलं की कायद्यातल्या शिक्षा चर्चच्या मूळ अधिकाराच्या जोडीला आहेत, त्याच्याऐवजी नाहीत, आणि चर्चचा तो अधिकार राणीच्या सत्तेतूनच येतो, म्हणजे पदच्युती बरोबर. हा निकाल पुढे वकिलांनी वर्षानुवर्षं वापरला. कॉड्रीला जागा परत मिळाली नाही. त्यानेच पुढे १६०४ मध्ये इंग्रजीचा पहिला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश छापला, आणि शब्दकोशवाला कॉड्री म्हणून त्याला ओळखणाऱ्या कित्येकांना त्याचं पद गेल्याची गोष्ट माहीतच नसते, याचं मला वाईट वाटतं.

१३. सगळे बिशप सारखेच कडक होते का?

नाही, आणि कुठल्या जिल्ह्यात कोण बिशप यावर पाळकाचं नशीब ठरायचं. एडमंड ग्रिंडल तर स्वतः आर्चबिशप असून अडकला. पाळकांनी एकत्र जमून बायबलचा अभ्यास करायच्या सभा बंद करा असं एलिझाबेथने सांगितलं, त्याने १५७६ मध्ये पत्र लिहून नकार दिला, १५७७ मध्ये तोच निलंबित, आणि १५८३ ला मरेपर्यंत आपल्या पदावर पूर्ण परत आला नाही. केंब्रिजजवळच्या ड्राय ड्रेटनचा रिचर्ड ग्रीनहॅम हा झगा घालणार नाही, सही करणार नाही असं आपल्या बिशपला लेखी कळवून मोकळा झाला, तरी १५७० पासून १५९१ पर्यंत त्याच गावात पाळक राहिला.

१४. विधी दुसऱ्याकडून करून घेतले तर चालायचं का?

हा अवघड प्रश्न. कागदोपत्री नाही, कारण नियम पाळकाला स्वतःला लागू. पण लिंकनशायरमधल्या बॉस्टनचा व्हिकार जॉन कॉटन १६१२ पासून वीस वर्षं असाच राहिला, ज्या विधींना त्याचं मन तयार नव्हतं ते सहायक करायचा, गाव त्याच्या पाठीशी आणि बिशप जॉन विल्यम्स समजूतदार. मग १६३२ मध्ये हाय कमिशनचं बोलावणं आलं, बिशप त्यापुढे काही करू शकत नव्हता. कॉटन लपला, राजीनाम्याचं सभ्य पत्र पाठवलं आणि १६३३ मध्ये ग्रिफिन जहाजाने न्यू इंग्लंडला निघून गेला.

१५. लॉडच्या काळात एवढं काय बदललं?

विल्यम लॉड १६२८ पासून लंडनचा बिशप, १६३३ पासून आर्चबिशप. आधी भांडण होतं जुने विधी पाळायचे की नाही यावर, आता नवीन गोष्टी वाढायला लागल्या, प्रभुभोजनाचं टेबल वेदीसारखं पूर्व भिंतीला लावा आणि भोवती कठडा घाला. त्यावर १६३३ मध्ये 'बुक ऑफ स्पोर्ट्स' पुन्हा काढलं, रविवारी उपासनेनंतर नाच-खेळ चालतील असा राजाचा जाहीरनामा, आणि तो पाळकाने स्वतः चर्चमध्ये वाचून दाखवायचा. काहींनी वाचला आणि लगेच शब्बाथाची चौथी आज्ञा वाचली, काहींनी वाचलाच नाही आणि निलंबन घेतलं. जो पाळक झगा कसाबसा घालत होता त्यालाही यात कोंडीत पकडलं, लॉडची मोठी चूक मला हीच वाटते. चेम्सफर्डचा लेक्चरर थॉमस हुकर तर त्याआधीच गप्प केला गेला होता, त्याने लिटल बॅडो गावात शाळा काढली, तिथेही टिकू दिलं नाही, मग हॉलंड, आणि शेवटी कॉटनच्याच जहाजातून अमेरिका.

१६. सत्ता आल्यावर प्युरिटनांनी तेच केलं का?

हो, आणि हे टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. १६४० च्या दशकात राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झालं, प्युरिटन पार्लमेंटच्या बाजूला, आणि पार्लमेंटच्या कमिट्यांनी राजाच्या बाजूचे किंवा लॉडच्या वळणाचे पाळक काढले, दोन हजारांच्या वर, साक्षीदार पुन्हा तेच, गावकरी. ज्यांची बायकापोरं तेव्हा घराबाहेर निघाली त्यांचं दुःख हिल्डरशॅमच्या दुःखापेक्षा कमी नव्हतं.

१७. याचा महाराष्ट्राशी काही संबंध?

एक खरा धागा आहे. कॉटन, हुकर वगैरेंनी न्यू इंग्लंडमध्ये जी काँग्रिगेशनल चर्चं उभी केली, म्हणजे बिशप नसलेली, मंडळीने आपला कारभार आपण बघायची, त्याच परंपरेतून अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. पुढे अहमदनगर त्याचं मोठं केंद्र, रेव्हरंड नारायण वामन टिळक याच मिशनचे.

१८. १६६२ मध्ये सगळे नॉनकन्फॉर्मिस्ट, म्हणजे ठरलेले विधी न पाळणारे, पाळक बाहेर गेले ना?

बरेचसे. यादवीत गेलेली राजसत्ता १६६० मध्ये परत आल्यावर नवा युनिफॉर्मिटी कायदा आला, प्रार्थनापुस्तकातल्या प्रत्येक गोष्टीला मनापासून संमती जाहीर करा आणि बिशपकडून दीक्षा नसेल तर घ्या, मुदत २४ ऑगस्ट १६६२. वर्षाचे दशांश हातात यायचे सप्टेंबरअखेर, म्हणजे वर्षभर राबून पैसे न घेताच निघायचं. १६६० पासून धरले तर साधारण २००० जण गेले. १६६५ च्या कायद्याने त्यांना जुन्या गावापासून पाच मैलांच्या आत यायचीही बंदी केली, शपथ घेतली तरच सूट. उपासनेपुरती मोकळीक १६८९ मध्ये मिळाली.

पण 'सगळे' नाही. एसेक्समधल्या अर्ल्स कोनचा राल्फ जॉसेलिन १६४१ पासून तिथला व्हिकार, मनाने प्युरिटन, पार्लमेंटच्या बाजूचा, रोजनिशी लिहिणारा. १६६२ नंतरही तो नियम पूर्ण पाळत नव्हता, बोलावणी येत राहिली, हा आज काढतील उद्या काढतील म्हणत दिवस काढत राहिला, शेजारचे मित्र एकेक करून गेले. त्याला कोणी काढलंच नाही. १६८३ मध्ये वारला तेव्हाही तो अर्ल्स कोनचाच व्हिकार होता.